आम्ही एका अंड्यातल्या चौदाशे

मी एक म्हातारी माशी आहे. वय पूर्ण अकरा दिवस. हसू नका, मित्रांनो! आमच्यात अकरा दिवस टिकणं म्हणजे खायचं काम नव्हे. या सोयाबीनच्या वावरात आज माझ्याहून वडील कोणी उरलेलं नाही. पंखांच्या कडा फाटल्या आहेत, मागचा डावा पाय ओढत चालते, पण जीभ शाबूत आहे. आणि ती आहे तोवर माझी कहाणी दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ऐकून घेणार नाही.

जात माझी गांधीलमाशीची. नाव ऐकून अंग चोरू नका. तुम्हाला डसायचं म्हटलं तरी मला जमणार नाही. मी खसखशीच्या दाण्याएवढी. तुमच्या वहीवर येऊन बसले तर मला पूर्णविराम समजाल आणि पुढचं वाक्य लिहायला घ्याल. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. काही अळीच्या पोटात शिकले, काही या वावराच्या मालकीण गोपिकाआजींच्या खिडकीत. पण छाती काढून सांगते, मी जशी जन्मले तसं तुमच्या अख्ख्या वर्गात कोणी जन्मलेलं नाही. गुरुजीसुद्धा नाहीत!

ऐका तर. नागपूरच्या दक्षिणेला बेसा आहे. तिथे आता जिकडे तिकडे उंच इमारती उभ्या राहिल्या, पण दोन इमारतींच्या मधोमध गोपिकाआजींचं दीड एकर वावर अजून हिरवंगार आहे. त्या वावरातल्या एका सोयाबीनच्या पानामागे एका पतंगानं, म्हणजे रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतो त्या पाखराच्या मादीनं, अंडं घातलं. मोहरीहून लहान, हिरवट. पतंग उडून गेला. सकाळी माझी आई तिथे आली. मिशांनी तिनं ते अंडं टकटक वाजवून पाहिलं, जसं तुमची आई बाजारात नारळ वाजवून पाहते, आणि त्या अंड्याच्या आत आपलं अंडं ठेवून दिलं. अंड्यात अंडं! आमच्यातल्या कितीतरी आया दोन ठेवतात, एक मुलींचं आणि एक मुलांचं. माझ्या आईनं एकच ठेवलं. मुलींचं. समजूतदार बाई असावी. मला ती आठवत नाही, तिनंही मला पाहिलं नाही.

आता खरी गंमत. एका अंड्यातून एक पोर, ही तुमची रीत. माझं अंडं त्या रीतीला जुमानेना! चार दिवसांत पतंगाचं अंडं फुटलं, त्यातून दोऱ्याएवढी हिरवी अळी निघाली, नि तिच्या पोटात मी. एकटी. मग एके दिवशी मी दोन झाले. बघते तर चार. चाराच्या आठ, आठाच्या सोळा, आणि मग मला मोजता येईना, कारण मोजायला सुरुवात करावी तोवर मोजणारीच दुप्पट होऊन बसायची! शेकडा झाला, हजार झाला, तरी थांबायचं नाव नाही. शेवटी आम्ही चौदाशेच्या वर गेलो तेव्हा कुठे दम घेतला.

तुमच्याकडे जुळं झालं तर पेढे वाटतात, अख्खी गल्ली बघायला लोटते. आम्ही एका वेळी चौदाशे झालो, आणि बेशात कोणाला पत्ता नाही!

आणि सगळ्या एकसारख्या. नाकीडोळी सारख्या असं नव्हे. आतून-बाहेरून, रंध्रारंध्रात एक. एकीला काढावं आणि दुसरीला तिच्या जागी ठेवावं, तर खुद्द आईला ओळखू येणार नाही. थोरली कोण, धाकटी कोण, हा वाद मिटेना. मग थोरली मी, असं मीच ठरवून टाकलं. कोणीतरी ठरवायला नको का?

आमची अळी म्हणजे उंटअळी. चालताना पाठीचा उंट करते, म्हणून ते नाव. आमचं घर ती, आमचं स्वयंपाकघर ती, आमची बैलगाडीही तीच. बाकीच्या अळ्या पोट भरलं की खाणं थांबवून कोश विणायला बसल्या, आमची थांबेना! चौदाशे जणींचं जेवण तिच्या एका तोंडातून आत यायचं. पान खाल्लं, देठ खाल्लं, शेजारचं पान खाल्लं. चांगली करंगळीएवढी जाड झाली. आम्ही मनातल्या मनात म्हणायचो, खा बाई, अजून खा!

पण मित्रांनो, त्या पोटात आमच्यातल्या वीस-पंचवीस जणी वेगळ्या निघाल्या. आम्ही अजून गोळ्यासारख्या लोळत होतो तेव्हा त्या लांबसडक वाढल्या, त्यांना धारदार जबडे फुटले आणि त्या फिरायला लागल्या. आमच्या शिपाई बहिणी. त्यांना पंख येणार नव्हते. त्या कधी बाहेर पडणार नव्हत्या, त्यांना लेकरंबाळं होणार नव्हती. कामच तेवढं, की आत कोणी परकं आलं तर त्याला सोडायचं नाही.

आणि आलं की! एक दिवस अळीच्या कातडीतून वरून सुई घुसली. दुसऱ्याच कुठल्या जातीच्या माशीनं आपलं पोर आमच्या घरात सोडलं होतं. ते दांडगं पोर एकट्यानं सगळं घर खाऊन बसलं असतं. मी तर हलूही शकत नव्हते. माझ्या अगदी शेजारची शिपाई बहीण सरळ त्याच्या अंगावर गेली, जबडा रुतवला, आणि ते थंड होईपर्यंत सोडला नाही. एक शब्द न बोलता परत माझ्याजवळ येऊन पडली. तिच्यात आणि माझ्यात केसाचाही फरक नव्हता. तिच्या वाट्याला जबडा आला, माझ्या वाट्याला पंख. मी तेव्हा तिला साधं विचारलंही नाही, बाई तुला काही लागलं का म्हणून. थोरलेपणाच्या तोऱ्यात होते ना!

त्यानंतर दोनच दिवसांनी वरून माणसांचे आवाज आले. अळीच्या पोटातून ते ऐकू कसे आले, असं विचारणारा एखादा चोंबडा तुमच्यात निघेलच. अरे, चौदाशे जणी कान लावून बसल्यावर एखादा शब्द सुटेल का?

"माय, पानाची चाळणी झाली पाह्य!" हा गोपिकाआजींचा मुलगा सुशील. बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा वावर पाहणारा. "मी आजच पंप लावतो. एक फवारा मारला का विषय खतम."

"पोळ्याच्या आंधी वावरात जहर नाई टाकाचं," गोपिकाआजी म्हणाल्या. आवाज असा, की अळीचीसुद्धा चाल थांबली. "बैलाले घास कुठून टाकशील? मारबत झाली का मार मंग."

"बैल हायेत कुठं आता आपल्याकडं?"

"शेजारच्या मनोहररावाचे हायेत. ते आपल्याच धुऱ्यावर चरतेत. तुह्या नोकरीचं तुले समजत असन, वावराचं मले समजते."

सुशीलनं पंपाचा नाद सोडला. गोपिकाआजींपुढे कोणाचंच चालत नाही. चौथी नापास बाई, पण गल्लीतलं लग्न असो की भांडण, शेवटचा शब्द त्यांचा. आणि आजवर त्यांनी दोन शब्द कधी उच्चारलेले नव्हते. 'मी चुकली.'

मारबत म्हणजे काय ते नागपूरच्या मुलांना सांगायला नको, बाकीच्यांनी कान इकडे करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा वाजतगाजत गावाबाहेर नेतात, आणि वर्षभराची रोगराई, खोकला, डास, ढेकूण, सगळी पीडा तिच्या गळ्यात घालतात. 'घेऊन जा गे मारबत!' असं ओरडतात आणि शिवेवर तिला पेटवून देतात. दाराशी रोवलेले मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, त्याही त्याच आगीत. गोपिकाआजींची यात स्वतःची एक रीत होती. पोळ्याच्या दहा-बारा दिवस आधी त्या वावरात हिंडायच्या, सगळ्यांत जाड्याजुड्या पाच उंटअळ्या शोधायच्या, लोणच्याच्या बरणीत घालायच्या आणि मारबतीच्या आगीत ओतायच्या. जी सर्वांत जाड, ती सर्वांत मोठी पीडा! लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं हे चाललेलं. त्यांचं पाहून गल्लीतले चार-पाच जण तेच करायला लागले होते.

आता सांगा, त्या वावरात सगळ्यांत जाड कोण होतं?

दोन बोटांनी आजींनी आमच्या अळीला कमरेत धरलं. "आली का हाती! पाह्य कशी फुगली, रांड. यंदा तूच आंधी जाशील." आणि आम्ही बरणीत. चार अळ्या आधीच आत होत्या. तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला, वर सुतळी आवळली, आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसली. मित्रांनो, पुतळ्याबरोबर जळायचा आमचा दिवस ठरला!

आम्हाला मात्र तेव्हा ते सुचत नव्हतं, कारण आत धावपळ उडाली होती. अळीनं काडीला अंग टेकवून पातळसा कोश विणला, आणि त्याच क्षणी आम्ही सगळ्या जणी गोळ्यांच्या अळ्या झालो नि जेवायला बसलो. जेवण म्हणजे तीच. आता तोंडं वाकडी करू नका! रविवारी सावजी रश्श्यात कोपरापर्यंत बुडणाऱ्यांनी मला नाक मुरडू नये. तिनं आम्हाला वाढवलं, वाहिलं, आणि शेवटी स्वतःलाच वाढून दिलं. तिची कातडी तेवढी आम्ही ठेवली, आणि त्या कातडीत एकीला एक चिकटून चौदाशे कप्पे करून झोपलो. शिपाई बहिणी त्याआधीच गेल्या. त्यांना कप्पा लागत नाही.

पोळ्याच्या दुपारी पुरणाचा वास सुटला होता. गोपिकाआजींची नात मिनल खिडकीशी पाणी प्यायला आली. पोरगी शेतकी कॉलेजात शिकते, उंच, चष्मेवाली, हातात सदा भिंग. तिनं बरणी उचलली आणि एकदम किंचाळलीच.

"आजी! आजी, इकडं ये! हे पाह्य!"

"काय झालं वं? विंचू निघाला का?"

"अळ्या पाह्य तुह्या!"

"मेल्या वाटते. मरू दे. मेल्या तरी जाळाच्याच हायेत."

"मेल्या नाई, आजी. भरल्या!" मिनलनं भिंग आजींच्या डोळ्यासमोर धरलं. आमची वाळलेली कातडी वेडीवाकडी, टणक आणि दाणेदार झाली होती, कोणी आत ठासून साबुदाणा भरावा तशी. "हा एक एक दाणा म्हंजे एक एक माशी हाये. आम्हाले कॉलेजात चित्रात दाखवली होती, मी खरी पहिल्यांदाच पाहून राहिली. मित्रकीटक म्हणतेत यांले. या अळीले आतून खातेत."

"चार बुकं शिकली नाई तं मले शिकवून राहिली," आजी म्हणाल्या. पण भिंग त्यांनी सोडलं नाही. "किती हायेत आत?"

"हजार असतीन. दीड हजार बी."

"अन् आया किती याईच्या?"

"एकच. अंडं बी एकच. त्याच एका अंड्याच्या सगळ्या."

गोपिकाआजींनी भिंग पुन्हा दाण्यांवर धरलं. पाच पोरं वाढवलेली बाई ती, आणि त्या पाचांवर अख्खी गल्ली हाकलेली. मग हळूच म्हणाल्या, "बापरे. त्या बाईचं डोकं कसं ठिकाणावर राहत असन?"

मी आत खुशीत आले! पण मिनल पुढे बोलून गेली. "अन् आजी, आत या असल्या का अळी जास्त खाते. म्हणून तं एवढी जाडी होते. वरून खादाड दिसते, पण तिच्यातून पतंग कधीच निघत नाई. पुढचे दोन-चारशे अंडे तिथंच बंद. रखवाली करतेत या आपल्या वावराची."

"म्हंजे जाडी असते ती यांच्यामुळं?"

"पुष्कळदा."

"अन् बारीक बारीक मी सोडून देत होती, त्याईचे..."

"त्याईचे पतंग झाले."

आजींचा चेहरा असा झाला, की मिनल दोन पावलं मागे सरली. "चाळीस वर्षं..." एवढंच त्या बोलल्या आणि ओठ घट्ट मिटले. बरणी तिच्या हातातून काढून घेतली. "चूप बस. कोणाजवळ बोलाचं नाई. सकाळी मारबत हाये. पुरण ढवळ जाऊन, करपून राहिलं."

मित्रांनो, त्या मिटलेल्या ओठांत आमचा जीव अडकला होता! बरणी नेली नाही तर गल्ली विचारणार, का नाही आणली? आणि खरं सांगावं तर आजींना ते दोन शब्द उच्चारावे लागणार. नेली, तर आजींचा मान राहतो आणि आम्ही राख. त्यांच्या जागी मी असते तर? खरं सांगू? मीही बरणी नेली असती. मान काय तुमच्याआमच्यासारख्यांना कमी प्यारा असतो का?

आणि त्यांनी नेली. पहाटेच.

त्याच पहाटे आम्ही जाग्या झालो! काय सांगू तुम्हाला! आधी एकीनं कातडीला दात लावला, कर्रर्र, मग दुसरीनं, मग पन्नास जणींनी, मग सगळीकडून भोकंच भोकं! मी डोकं बाहेर काढलं तर मागून साठ जणी ढकलतायत. अंग ओलं, पंख चुरगळलेले, आणि समोर उजेड! मी आयुष्यात पहिल्यांदा उजेड पाहिला, आणि तो गोपिकाआजींच्या लुगड्याच्या विणीतून गाळून येत होता. बाजूच्या अळ्यांतूनही लोंढे सुटले. त्यातली एक तर नुसती मुलांनी भरलेली निघाली. झालं! आमची लग्नं तिथल्या तिथे, ना पत्रिका, ना रुसवे, ना मानपान. बाहेर ढोल वाजतच होते, वरातीचाही खर्च वाचला. बरणीच्या काचेवर आम्ही अशा दाटलो, की कोणी मिऱ्याची पूड उधळावी!

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! डास-मच्छर घेऊन जा गे मारबत!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. शिवेवर मारबत उभी होती, काळी, मोठ्या डोळ्यांची. आग लागली. पळसाचे मेढे तडतडले. काच गरम झाली. मी थोरली, मी काय करावं? मी काचेला चिकटले आणि वर पाहिलं. वरून गोपिकाआजी खाली पाहत होत्या. बरणी त्यांच्या पोटाशी होती, आणि आतून चौदाशे जणी, शिवाय शेजारपाजारच्या, त्यांच्या तळव्याखाली सळसळत होत्या.

शेजारचे मनोहरराव हात शेकत म्हणाले, "चला वहिनी, ओता तुमची पीडा. तुमची पडल्याबिगर आमची कशी टाकावं?" त्यांच्याही हातात डबा होता. त्यातही पाच जाड्या.

आजींनी बरणी उचलली. पुढे केली. मग अशा गर्रकन वळल्या, की मनोहररावांच्या पायावर पाय पडला. "तुमचाबी डबा आणा," म्हणाल्या, आणि पदर खोचून वावराकडे चालत्या झाल्या. चालत्या कसल्या, धावल्याच! मागून मिनल, मागून डबा सांभाळत मनोहरराव, आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली, ढोलासकट.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सुशील उभा होता. पाठीवर पंप भरलेला, तोंडाला रुमाल, हातात नळी. बोलल्याप्रमाणे मारबत झाली की फवारा.

"माय, इकडं काहून आली? मारबत तं तिकडं हाये."

"पंप खाली ठेव."

"तूच म्हनलं होतं, मारबत झाली का मार!"

"म्हनलं होतं. आता ठेव म्हणून राहिली."

"काहून पण? पानं पाह्य, कसे खाऊन टाकले! आज सुट्टी हाये माही, उद्यापासून रात्रपाळी. आज नाई मारला तं मंग..."

मनोहरराव धापा टाकत पोचले. "वहिनी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा बरणी वापस आणली तुम्ही. तब्येत-गिब्येत बरी हाये नं?"

गल्ली हसली. मिनलनं तोंड उघडलं, सगळं समजावून सांगायला. आजींनी हात वर केला. ते सांगायचं काम दुसऱ्याचं नव्हतं.

"सुशील, आयक. मनोहरराव, तुमीबी आयका." आवाज तोच, खणखणीत. "मी चुकली."

ढोलवाल्याची टिपरी थांबली.

"जाडी अळी ती मोठी पीडा, असं मी समजत होती. अन् जाडीच्या पोटात हे रखवालदार असतेत. दर पोळ्याले मी चोर सोडले अन् रखवालदार जाळले. मले एवढं चुकाले चाळीस वर्षं लागले. तुह्या पंपाले एक सकाळ पुरन."

सुशील पाहतच राहिला. आईच्या तोंडून ते शब्द त्यानं जन्मात ऐकले नव्हते. पाठीवरचा पंप आहे हेही तो विसरला असावा.

"पंप काढायच्या आंधी पान उलटून पाह्य," आजी म्हणाल्या.

तो वाकला. एक पान उलटलं. काही नाही. दुसरं उलटलं, आणि तिथे पानामागे एक टणक, दाणेदार कातडी चिकटलेली. शेजारच्या झाडावर अजून एक. तो ओळीनं वाकत गेला. तिसरी, चौथी, सातवी! काही अजून बंद, काहींना भोकं पडलेली. "अरे, हे तं सगळीकडं हायेत," तो म्हणाला. पट्टे खांद्यावरून उतरवून त्यानं पंप धुऱ्यावर ठेवला, हळूच, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा.

मनोहररावांनी आपल्या डब्याकडे पाहिलं. "मंग वहिनी, आम्हीबी दरसाल तुमचं पाहून..."

"मंग तुमीबी चुकले, माह्या मागं मागं," आजी म्हणाल्या. "अक्कल मलेच इचारून वापरत होते, त्याले मी काय करू? सोडा त्याईले वावरात."

पुन्हा गल्ली हसली, पण यावेळचं हसणं आजींच्या बाजूचं होतं. त्यांनी सुतळीची गाठ दातानं सोडवली आणि लुगड्याचा तुकडा ओढला. "जा वं बायाहो. वावर तुमचंच हाये."

आणि आम्ही उडालो! सगळ्या! त्या धुराएवढा हलका धूर कोणी पाहिला नसेल, जो आगीतून न येता बरणीतून आला. तो माझा पहिला दिवस.

त्यानंतर मी एक घटका बसून काढलेली नाही. महालक्ष्म्या आल्या, आंबील पिऊन जेवल्या, गेल्याही. मी मात्र पान उलटायचं, पतंगाचं अंडं शोधायचं, टकटक वाजवायचं, आत आपलं अंडं ठेवायचं, हेच करत राहिले. माझ्या एकेका अंड्यातून हजाराच्या वर पोरी होणार. सगळ्यांची बेरीज तुम्ही करा, तुम्ही शाळेत जाता. मला एवढं ठाऊक आहे, की या वावरात माझ्याहून मोठं गोत कोणाचं नाही. परवा सुशील रात्रपाळीहून सरळ इकडे आला, डबा न उघडता पानं उलटत हिंडला, आणि एका अळीला बोटानं ढोसून म्हणाला, "हे जाडी हाये. हिले नाई हात लावाचा." पंप त्यानं रिकाम्या गोठ्यात टांगला. त्याच्यावर कोळ्यानं जाळं केलं आहे.

काल मिनल धुऱ्यावर आजींजवळ बसली होती. मांडीवर आमची रिकामी कातडी, हातात सुई, डोळ्याला भिंग. दोन दिवस लागले तिला. "चौदाशे बारा, आजी! एका अंड्यातून चौदाशे बारा!"

"पुन्हा मोज," आजी म्हणाल्या. "आपल्या हातून चूक होऊ शकते." आणि स्वतःच हसल्या.

मित्रांनो, ती पुन्हा मोजेल, आणि पुन्हा चौदाशे बाराच भरतील. तरी आकडा चुकलेलाच आहे, आणि हे फक्त मीच सांगू शकते. वीस-पंचवीस जणी त्यात नाहीत. त्यांनी कप्पा केला नाही, कात टाकली नाही, उजेड पाहिला नाही. त्या शोधायला जगातलं कुठलंच भिंग चालणार नाही. आजींना ते दोन शब्द म्हणायला चाळीस वर्षं लागली, मला अकरा दिवस. मी थोरली नव्हते. थोरली ती होती, जी माझ्याजवळ येऊन पडली आणि जिला मी काही विचारलं नाही.

आता माझे पंख उचलत नाहीत. समोरच्या पानावर एक अळी गचागच खात सुटली आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत जाड होते आहे. तिच्या आत कोणीतरी एकटी असेल, ती आत्ताच दोन झाली असेल. म्हणून एवढंच मागते. वावरात, बागेत, कुंडीतल्या कढीपत्त्यावरसुद्धा, विषाची बाटली उघडण्याआधी एकदा पान उलटून बघा. आणि मोजायला बसलात, तर ज्या दिसत नाहीत त्यांनाही धरा.